सेन्सर नंतर घ्या, आधी विहिरीत दोरी सोडा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो: सांगोला तालुका, ४ एकर भगवा जातीचं डाळिंब, पाच वर्षांची झाडं, १५ बाय १० फुटांवर लागण, झाडाला तासाला ४ लिटर देणारे चार ड्रिपर आणि ड्रिप रोज तीन तास. विहीर ३० फूट व्यासाची, शेजारी ४५० फुटाचं बोअर, त्याचं पाणीही विहिरीतच पडतं, आणि एप्रिलमध्ये विहीर तळ गाठते. डीलरनं ओलाव्याचे सेन्सर, आपोआप उघडणारे वॉल्व आणि मोबाइलवरचं ॲप असं मिळून १ लाख ८० हजाराचं कोटेशन दिलंय, निम्मं पाणी वाचेल म्हणतोय. तुम्ही विचारताय घेऊ का, वाचलेल्या पाण्यावर अजून दोन एकर लावू का, आणि जाता जाता शेततळं काढून ते बोअरनं भरू का.

मी बावीस वर्षं ड्रिपची डिझाइनं करतोय, त्यातली पहिली सात डीलरच्याच काउंटरवर काढली, त्यामुळं असली कोटेशनं मी स्वतः लिहून दिलेली आहेत. तुमचा डीलर खोटं बोलत नाहीये. निम्मं पाणी वाचू शकतं. फक्त ते सेन्सरमुळं वाचणार नाही, हातातल्या घड्याळानंही तेवढंच वाचेल, आणि ते वाचलं तरी तुमची विहीर मेपर्यंत टिकेल का हा प्रश्न तसाच राहतो. तुमचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं.

आधी हिशोब बघा. १५ बाय १० म्हणजे झाडाच्या वाट्याला साधारण १४ चौरस मीटर जागा येते. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये उघड्या पात्रातून दिवसाला ८ ते १० मिलिमीटर पाणी उडतं, डिसेंबर-जानेवारीत ४ च्या आसपास. ८ धरा, त्याला पात्राचा गुणांक ०.७ (उघड्या पात्रापेक्षा रानातून कमी उडतं म्हणून), पिकाचा गुणांक (पीक त्यातलं किती पितं तो) फळं भरायच्या वेळी ०.८ आणि झाडाचा घेर जागेच्या चाळीस टक्के धरून सगळं गुणलं तर झाडाला दिवसाला २५ लिटर येतात. ड्रिपमध्ये थोडं इकडंतिकडं जातं ते धरून २७ म्हणा. तुम्ही काय देताय? चार ड्रिपर, तासाला १६ लिटर, तीन तास म्हणजे ४८ लिटर. आणि जानेवारीत जेव्हा झाडाला १३-१४ लिटर पुरतात तेव्हाही तेच तीन तास, कारण वेळापत्रक एकदा बसलं की ते कोण बदलत नाही. मी तरी फार कमी जण बघितलेत बदलणारे. म्हणजे उन्हाळ्यात पावणेदोन तास आणि हिवाळ्यात पाऊण-एक तास एवढंच केलं तरी डीलरचं निम्मं वाचलं, आणि एक रुपया न घालता वाचलं.

यात झाडाचं वय, घेर, फळांची संख्या, जमीन यावर आकडा हलतो, म्हणून माझे २७ लिटर डोळे झाकून घेऊ नका. राहुरीच्या कृषी विद्यापीठाचं फुले इरिगेशन शेड्युलर नावाचं ॲप आहे, पिकाला कधी आणि किती पाणी द्यायचं याचं गणित त्यात होतं, मराठीत आहे. तुमच्या महसूल मंडळात महावेधचं स्वयंचलित हवामान केंद्र असेल, तिथली आकडेवारी मिळाली तर अजून बरं. आणि डाळिंबाचं राष्ट्रीय संशोधन केंद्र तर तुमच्या जिल्ह्यातच, सोलापूरला केगावला आहे, एकदा चक्कर मारा, बहारनुसार, म्हणजे फुलोरा कोणत्या हंगामात धरता त्यानुसार, झाडाला किती लिटर याचा तक्ता मागा.

आता विहीर. ३० फूट व्यासाच्या गोल विहिरीत एक फूट उंचीचं पाणी म्हणजे बरोब्बर २० हजार लिटर, हा आकडा पाठच करून ठेवा. तुमची १२०० झाडं गुणिले ४८ लिटर म्हणजे रोज साडेसत्तावन्न हजार, म्हणजे विहिरीतलं जवळजवळ तीन फूट पाणी. तुमच्या विहिरीला रोज किती येतं? हे तुम्ही लिहिलंच नाही, आणि मी विचारतो त्या दहापैकी नऊ जणांना ते माहीत नसतं, पण बोअर किती फूट आहे ते सगळ्यांना तोंडपाठ असतं. एक काम करा. नायलॉनच्या दोरीला दर फुटावर रंगाची खूण करा, खाली दगड बांधा, संध्याकाळी मोटर बंद झाली की काठावरच्या एकाच जागेवरून दोरी सोडा, कुठवर ओली झाली ते वहीत लिहा. बोअर त्या रात्री बंद ठेवा. सकाळी मोटर सुरू करायच्या आधी परत सोडा. बारा तासांत पाऊण फूट चढलं तर दिवसाला दीड फूट, म्हणजे ३० हजार लिटर. हे काम दर पंधरा दिवसांनी, दसऱ्यापासून गुढीपाडव्यापर्यंत. दोन वर्षांत तुम्हाला तुमच्या विहिरीचा स्वभाव कळेल, जानेवारीत दीड फूट देणारी विहीर मार्चअखेर अर्धा फूट देते का पाव फूट, ते कोणतंच ॲप सांगू शकत नाही.

सेन्सर सांगतो झाडाला तहान लागली का. घागरीत पाणी आहे का हे त्याला कळत नाही. ऑटोमेशन लावलेली बाग एप्रिलमध्ये कोरडी पडलेली मी बघितलीय, ॲपवर सगळं लाल दिसत होतं, मोबाइलवर दर तासाला सूचना येत होती आणि विहिरीत बेडूक सोडून काही नव्हतं.

सेन्सरला नावं ठेवत नाही हां मी. चुकीच्या जागी लावलेल्या सेन्सरला ठेवतो, कारण तो घोळ मी स्वतः केलेला आहे. २०१४ ला पंढरपूरकडं एका द्राक्षबागेत पहिल्यांदा ऑटोमेशन बसवलं, मोठ्या हौसेनं. सेन्सर पुरायची जागा मी निवडली ती बांधाकडेच्या खांबाजवळ, का तर वायर कमी लागत होती. तो नेमका मुरमाचा पट्टा निघाला. मुरूम लवकर सुकायचा, सेन्सर ओरडायचा, वॉल्व उघडायचा, आणि बाकी तीन एकर काळ्या रानात पाणी नुसतं साचत राहिलं. मालक फोनवर आलेख बघून खूश, मी पण खूश. दीड महिन्यानं शेंड्याची पानं पिवळी पडायला लागली तेव्हा खोरं घेऊन खड्डा केला तर खालून चिखलाचा वास आला. मातीचा गोळा हातात घेऊन दाबला तर पाणी निथळलं. त्या दिवसापासून मी आधी खोरं चालवतो, मग सेन्सरची जागा ठरवतो. प्रत्येक वेगळ्या जमिनीला वेगळा सेन्सर आणि वेगळा वॉल्व लागतो, तुमच्या कोटेशनमध्ये चार एकराला सेन्सर किती धरलेत ते बघा. एकच असेल तर तो शोभेचा.

तुमच्यासारख्याला मी पहिल्या वर्षी टेन्शियोमीटर देतो. साधी पाण्यानं भरलेली नळी, खाली मातीचं सच्छिद्र टोक, वर सेंटिबारचं घड्याळ, म्हणजे गेज. ना वायर, ना सिमकार्ड, ना वर्षाचं रिचार्ज. दोन घ्या, एक ३० सेंटिमीटर खोल आणि एक ६० सेंटिमीटर, ड्रिपरपासून वीतभर अंतरावर. घड्याळाचा काटा जेवढा वर तेवढी माती कोरडी. हलक्या मुरमाड रानात वरचा २५-३० ला गेला की पाणी द्या, भारी रानात ५०-६० पर्यंत थांबता येतं. खालचा जास्त महत्त्वाचा. तो जर कायम शून्य ते दहामध्ये पडून असेल तर तुम्ही दिलेलं पाणी मुळाच्या खाली चाललंय, खतासकट. तुमच्या तीन तासांच्या हिशोबानं तो तसाच पडून असणार अशी पैज लावायला तयार आहे मी. दोन तोटे पण सांगतो, पाणी भरत राहावं लागतं, आणि ८० च्या वर माती सुकली की आत हवा शिरते नि तो बंद पडतो, म्हणून बहाराचा ताण द्यायच्या (फुलं यावीत म्हणून पाणी तोडायच्या) आधी काढून ठेवा. काळ्या रानाला भेगा पडल्या की टोकाचा आणि मातीचा संपर्कही तुटतो. ज्याला घड्याळ वाचायचा कंटाळा त्याच्यासाठी कोइमतूरच्या ऊस पैदास संस्थेनं केलेला ओलावा दाखवणारा हातातला मीटर आहे, जमिनीत खुपसला की दिवा लागतो, निळा म्हणजे भरपूर, हिरवा पुरेसं, केशरी कमी, लाल म्हणजे पाणी द्या. आमच्याकडं एका आजींना तो इतका आवडला की त्या रोज सगळ्या बागेत खुपसत फिरतात.

त्याच्याही आधी एक तपासणी, ही उद्याच करा. औषध मोजायचं माप घ्या, ड्रिप सुरू करून पाच मिनिटं जाऊ द्या, मग एका ड्रिपरखाली बरोबर तीन मिनिटं धरा. ४ लिटरच्या ड्रिपरला तीन मिनिटांत २०० मिली पडायला पाहिजे. सबमेनजवळ (सेक्शनच्या मोठ्या पाइपाजवळ), मधे, आणि लॅटरलच्या (ड्रिपर असलेल्या बारीक नळीच्या) शेवटाला असे मिळून सोळा-वीस ड्रिपर मोजा. जवळचा २१० आणि शेवटचा १२० देत असेल तर सेन्सर काय करणार, शेवटच्या झाडाला पोट भरेपर्यंत पहिल्याला जवळजवळ दुप्पट पाजावं लागतंय. तुम्ही तीन तास चालवताय त्याचं मूळ कारण बहुतेक इथंच असेल, कडेची झाडं मलूल दिसली म्हणून कधीतरी वेळ वाढवली आणि ती तशीच राहिली. तुमच्याकडं बोअरचं पाणी क्षाराचं, ड्रिपरच्या तोंडाला पांढरं साचलेलं असणार. लॅटरलची टोकं उघडून धुवा, सबमेनचे फ्लश वॉल्व उघडा, मग ॲसिडचं बघू. आणि ॲसिड आणि ब्लिचिंग पावडर एकाच वेळी, एकाच टाकीत कधीही नाही, क्लोरिन वायू होतो, माणूस जागेवर पडतो.

मग ऑटोमेशन कशाला असतं, असं कोणीतरी विचारेलच. माझ्या मते आपल्याकडं त्याचा सगळ्यात मोठा उपयोग माती बघून नाही, लाईट बघून आहे. एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, रात्री लाईट आली की ऑटो स्विचनं मोटर आपोआप सुरू, मालक घरी झोपलेला, मोटर सकाळपर्यंत. निम्मं पाणी इथं जातं राव. मोबाइल स्टार्टर घ्या ज्यात मिनिटांचा टायमर आहे, विहीर आटली की मोटर बंद करणारं संरक्षण आहे, आणि तुमच्या दोन सेक्शनला दोन टायमरचे वॉल्व. एवढ्यावर तुमचं ऐंशी टक्के काम होतं आणि खर्च कोटेशनच्या लांब खाली राहतो. त्याच्यासोबत मोटरच्या तोंडाला पाण्याचा मीटर, हा मात्र हट्टानं बसवा. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून वीजबिल माफ आहे, सौरपंपाला तर बिलच नाही, म्हणजे पाणी उपसताना हात आखडायला लावणारी गोष्टच राहिली नाही. सौरपंपावर दिवसा वीज मिळते हे चांगलंच आहे, त्याबद्दल वाद नाही, सापकिरडातून रात्री जायचं कोणाला हौस आहे. पण बिल गेलं की मीटर तरी पाहिजे. सौरपंपावर थेट ड्रिप चालवणाऱ्यांनी एवढं बघा, ढग आला की दाब पडतो आणि शेवटच्या ड्रिपरला पाणी पोचत नाही, तेव्हा मिनिटांवर न जाता मीटरच्या लिटरवर जा.

शेततळं. पावसाच्या वाहत्या पाण्यानं भरणार असाल, किंवा टेंभू उपसा सिंचन योजनेचं आवर्तन आलं की भरून घेणार असाल, तर जरूर काढा. बोअरनं भरणार असाल तर थांबा. ३४ बाय ३४ मीटरचं तळं उन्हाळ्यात रोज साडेसहा हजार लिटर पाणी नुसतं आभाळाला देतं. तुमच्या एक एकर डाळिंबाला रोज ८ हजार लागतात. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वर आणून उन्हात ठेवायचं आणि त्याला साठवणूक म्हणायचं, हे मला कधी पटलं नाही. त्यापेक्षा वरंब्यावर उसाचं पाचट टाका, चार बोटं जाड, खोडाला टेकू देऊ नका. वाळवीवर लक्ष ठेवा. पाचटाखालची माती मेमध्ये पण हाताला गार लागते.

इथवरचं थोडक्यात म्हणजे: दोरी आणि वही, मग ड्रिपरची मोजणी आणि धुलाई, मग पाण्याचा मीटर, मग दोन टेन्शियोमीटर, मग टायमरचा स्टार्टर. एक पूर्ण बहार असा काढा. त्यानंतरही वाटलं की वेगवेगळ्या जमिनीमुळं हातानं जमत नाही, किंवा तुम्ही नोकरीला बाहेर असता, तर सेन्सरचं ऑटोमेशन घ्या, तेव्हा तुम्हाला डीलरला काय विचारायचं तेही कळलेलं असेल.

आता ते दोन एकर. इथं बरेच लोक चुकतात म्हणून जरा सावकाश. सध्या तुम्ही साडेसत्तावन्न हजार उपसताय, झाडं पितात बत्तीस हजार. उरलेलं कुठं जातं? थोडं उडतं, पण हलक्या रानात बरंच खाली मुरतं आणि त्यातलं काही तुमच्याच नाहीतर शेजाऱ्याच्या विहिरीत परत येतं. उद्या सहा एकर केलं, सगळं काटेकोर केलं, तर उपसा होईल साडेअठ्ठेचाळीस हजार. कागदावर नऊ हजार वाचले. पण आता ते सगळंच्या सगळं पानांतून वर जाणार, परत येणारं काही नाही. म्हणजे मोटर कमी चालूनही विहीर आधीपेक्षा लवकर आटू शकते. किती परत येत होतं हे तुमच्या रानाच्या मुरमावर आणि खालच्या खडकावर आहे, ते कोणीच बसल्या जागेवरून सांगू शकत नाही, पण वाचलेलं पाणी दुसऱ्या पिकाला दिलं तर ते वाचलं नाही, खर्चाची जागा बदलली एवढंच.

खाली आपला काळा पाषाण आणि मांजऱ्या खडक, पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि फटीत. खोल गेलं की ज्या फटीतून तुम्ही ओढता त्याच फटीतून शेजारी ओढतो. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली, म्हणजे दोनशे फुटांच्या खाली जाऊ नका असंच म्हटलंय, आणि आपण गप्पा मारतो सातशे-आठशे फुटांच्या. हिवरे बाजारचं उदाहरण सगळे देतात, पण तिथं कोणी महागडं यंत्र बसवून सुरुवात केली नाही. पोपटराव पवारांच्या गावानं शेतीसाठी बोअर बंद केले, ऊस-केळी बंद केली, आणि दरवर्षी पाऊस किती झाला ते मोजून कोणतं पीक किती घ्यायचं हे ग्रामसभेत ठरवलं. अटल भूजल योजनेतल्या गावांत असाच पाण्याचा ताळेबंद केला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निरीक्षण विहिरींची पातळी वर्षातून चारदा घेते, तुमच्या जवळच्या विहिरीचे आकडे मागा, तुमच्या दोरीच्या वहीशी ताडून बघा.

तुम्ही बहार कोणता धरता तेही लिहिलं नाही. एप्रिलला फळं झाडावर म्हणजे आंबे बहार असणार. पाण्याच्या दृष्टीनं हा सगळ्यात महाग, ऐन उन्हाळ्यात झाड भरलेलं. हस्त बहार धरला तर उन्हाळ्यात फळं उतरत आलेली असतात आणि तेल्या रोगाचा त्रासही कमी, पण सप्टेंबरात पाऊस लांबला तर ताण नीट बसत नाही, भारी रानात तर नाहीच. मृग बहाराला पाणी कमी लागतं पण पावसात तेल्या डोकं वर काढतो. हा निर्णय तुमच्या रानावर, तुमच्या भागातल्या रोगावर आणि बाजारावर आहे, मी इथून सांगणार नाही. पण बहार बदलून उन्हाळ्यातली जेवढी मागणी कमी होते तेवढी एक लाख ऐंशी हजाराच्या सेन्सरनं होणार नाही, एवढं नक्की. आणि फळं तडकतात म्हणून जे तुम्ही शेवटी लिहिलंय, ते बहुधा पाणी कमी पडून नाही हो, आठवडाभर कोरडं आणि मग एकदम भरपूर असं झाल्यानं. एप्रिलमध्ये विहीर आटली, दोन दिवस बंद, मग बोअरचं पाणी साचलं की पाच तास, असंच चाललेलं असणार.

तर दोन एकर यंदा नको. दोन उन्हाळे वही भरू द्या, मेअखेर विहिरीत चार फूट शिल्लक राहायला लागली की बोलू.

फिल्टरच्या आधीचा आणि नंतरचा दाबाचा गेज किती दाखवतो ते टाका, दाबातला फरक अर्ध्या किलोच्या वर असेल तर सगळ्यात आधी वाळूचा फिल्टर उलटा धुवून घ्या. आणि बोअरच्या पाण्याचा तपासणी रिपोर्ट असेल तर त्याचाही फोटो टाका, त्यातला बायकार्बोनेट बघितल्याशिवाय ॲसिडचं प्रमाण सांगत नाही.